खाचेत बसली, पण चालेना

एम.२ खाचेत एसएसडी नीट बसते, स्क्रूही घट्ट लागतो; तरी संगणकाला ती दिसत नाही. कारण एम.२ म्हणजे नुसता आकार. माहिती साटा मार्गाने जाणार की पीसीआय एक्सप्रेसने, हे वेगळंच ठरतं. साटाची एएचसीआय पद्धत फिरत्या डिस्कच्या काळातली: आज्ञांची एकच रांग, तीत जास्तीत जास्त ३२. पीसीआय एक्सप्रेससाठी २०११ साली आलेल्या एनव्हीएमई पद्धतीत ६५ हजारांवर रांगांची सोय आहे. घरी एवढ्या कुणाला लागतात म्हणा! वेगाचा फरक मात्र जाणवतो. साटाचा मार्गच ६ गिगाबिटचा, त्यामुळे सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइटच्या पुढे मजल जात नाही. एसएसडीच्या कडेला दोन खाचा दिसल्या तर ती बहुधा साटा, एकच असेल तर बहुधा एनव्हीएमई. पण त्यावर विसंबू नका. पैसे देण्याआधी मदरबोर्डची पुस्तिका उघडा.