पत्र्याला मोठे गोल भोक पाडताना



पत्र्याला भोक पाडायचे, त्यात काय एवढे? खिळा ठोकला की काम झाले, असे आपण म्हणतो. पण सहा इंची धुराड्याचा नळ छपरातून वर काढायचा झाला की छिन्नी-हातोडीने कडा वाकतात, भोक वेडेवाकडे होते आणि दर पावसाळ्यात चुलीवर पाणी ठिबकते. घाटावर हे एक वेळ निभते. घाटाखाली महाड-पोलादपूरला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाड शहर पाण्याखाली गेले, ते कोणी विसरलेले नाही. तिथे भोक नेमकेच हवे. आपल्या कित्येक सभासदांचे सोयरेधायरे तिकडे आहेत, म्हणून आम्ही हा विषय घेतला.

आपल्या कारखान्यातील पॅनच्या आतली प्लेट आठवा. सुमारे १०० मि.मी. व्यासाच्या नळ्या तिच्या भोकांत फुलवून बसवतात. भोक जरा मोठे झाले तर नळी घट्ट बसत नाही. म्हणून फिटर आधी खूण करतो, मग कापतो. पत्र्यालाही हाच नियम.

खूण : मध्यबिंदूवर सेंटर पंचाचा ठोका मारा. कंपास नसेल तर लोखंडी पट्टीला दोन भोके पाडून खिळ्याने वर्तुळ ओढा.

कापणे : महागडे हत्यार नसेल तर साखळी पद्धत बरी. १५० मि.मी.चे भोक हवे असेल तर आत १४३ मि.मी. व्यासाचे दुसरे वर्तुळ काढा. त्यावर ७-७ मि.मी. अंतराने ६ मि.मी.ची सुमारे ६४ छिद्रे पाडा. मधले दुवे छिन्नीने तोडा आणि खुणेपर्यंत कानस मारा. वेळ लागतो, पण भोक गोल येते.

होल-सॉ वापरायचा तर वेग सांभाळा. १०० मि.मी.च्या सॉला मिनिटाला सुमारे ८० फेरेच पुरेत. साधे हातड्रिल हजारांवर फिरते. दात जळतात, सॉ पत्र्यात अडकतो आणि मनगट पिरगळते. पत्र्याखाली लाकडी फळी ठेवून क्लॅम्प लावा, तेलाचे थेंब सोडा. मोटरच्या स्टार्टरच्या पेटीसारख्या पातळ पत्र्याला पंच आणि डाय उत्तम. मधल्या छोट्या भोकातून बोल्ट घालून आवळला की पंच पत्रा कापत डायमध्ये उतरतो आणि कड साफ येते.

उताराचे गणित : इथे पुष्कळांची फसगत होते. छप्पर उतरते आणि नळ उभा, म्हणून गोल भोकातून गोल नळ जात नाही! भोक उताराच्या दिशेने लांबट लागते. समजा नळ १५० मि.मी., भोवती ५ मि.मी. मोकळीक आणि छपराचा उतार ३० अंश. मग भोकाची रुंदी १६० आणि उताराच्या दिशेने लांबी १८५ मि.मी. हवी. आखणी सोपी आहे. मध्यापासून उताराच्या रेषेवर ४६ मि.मी. वर एक आणि ४६ मि.मी. खाली एक असे दोन खिळे ठोका. २७७ मि.मी. लांबीच्या दोरीची गाठ मारून फास करा, तो खिळ्यांभोवती टाका आणि पेन्सिलीने ताणून फिरवा. हे आधी पुठ्ठ्यावर करून साचा कापा.

काम शक्यतो पत्रा खाली उतरवूनच करावे. वर नळाला कॉलर बसवा. तिची वरची कड वरच्या पत्र्याखाली आणि खालची कड खालच्या पत्र्यावर राहू द्या, म्हणजे पाणी आत न शिरता ओघळून जाईल. कापलेल्या कडेवर जस्त उरत नाही. कानस मारून जस्तयुक्त रंग लावा. ग्राइंडरच्या ठिणग्या पत्र्यावर चिकटून गंजतात, त्या लगेच झाडा.

जिवाचे दोन शब्द : ड्रिल फिरत असताना हातमोजे घालू नका, ते गुंडाळून हात ओढतात, कापलेला पत्रा उचलताना मात्र जरूर घाला. आणि डिझेल, रॉकेल वा औषधाच्या रिकाम्या बॅरलला गॅस, वेल्डिंग किंवा ग्राइंडर कदापि लावू नका. आत उरलेली वाफ पेट घेऊन बॅरल फुटते. पाण्याच्या टाकीसाठी बॅरल हवेच असेल तर ते खाण्याच्या तेलाचे घ्यावे. तेही आधी चांगले धुऊन, पाण्याने भरून, हातहत्यारानेच कापावे.

एक तास खुणेला द्यावा. पुढचे कित्येक पावसाळे कोरडे जातील.