पाण्यात पाहावं असं स्टॉकहोम

माझ्या भाड्याच्या फ्लॅटच्या जाहिरातीत दोन शब्द ठळक छापले होते : ‘रिव्हर व्ह्यू’! खराडीत, आयटी पार्कपासून चालत दहा मिनिटं, नववा मजला, खाली मुळा-मुठा. ब्रोकरने गॅलरीचं दार सरकवलं, ‘मॅडम, व्ह्यू बघा’ म्हणाला आणि मिनिटभरात दार परत लावूनही टाकलं. का, ते पहिल्याच संध्याकाळी नाकाला कळलं. तेव्हापासून मी दरमहा दोन हजार रुपये जास्त मोजून एक नदी काचेतून बघतेय.

आईचं माहेर वाईचं. पाठीला सुकवलेला भोपळा बांधून कृष्णेत पोहायला शिकलेली बाई ती. पहिल्यांदा राहायला आली तेव्हा गॅलरीतून खाली बघत म्हणाली, ‘छान हिरवळ आहे गं. कुठलं ग्राउंड?’ जलपर्णी होती ती. मी म्हटलं, चहा टाकते.

तर अशा मुलीने गेल्या जूनमध्ये स्टॉकहोमला जायचं ठरवलं. निमित्त साधं. माझी जुनी रूममेट खराडीतल्याच एका कंपनीतून तिकडे ऑनसाइट गेली आणि रोज फोटो पाठवून छळायला लागली. आता तुम्ही म्हणाल, युरोपला जायचंच तर स्टॉकहोम का? पॅरिसला टॉवर आहे, स्वित्झर्लंडला यश चोप्रांनी आधीच जाऊन ठेवलंय. स्टॉकहोमला आहे काय? सांगते. पाणी आहे.

नकाशा उघडा. एका बाजूला मेलारेन नावाचं भलंमोठं गोडं सरोवर, दुसऱ्या बाजूला बाल्टिक समुद्र आणि मधल्या चौदा बेटांवर हे शहर. बेटं पुलांनी जोडलेली. म्हणजे तुम्ही कॉफी प्यायला निघालात तरी वाटेत दोनदा पाणी ओलांडता. स्लुसेनहून ज्यूरगॉर्डनच्या बेटावर जायचं तर बसच्या तिकिटावरच फेरीबोट चालते. आपण पीएमपीएमएलचा पास दाखवून मुंढव्याला होडीत चढलो तर कसं वाटेल? तसं वाटतं!

मैत्रीण राहते किस्ताला. हे स्टॉकहोमचं खराडी. काचेच्या इमारती, एरिक्सनचं मुख्यालय, दुपारी लिफ्टमध्ये डब्याचा वास. तिथून मेट्रो पकडली की वीसेक मिनिटांत टी-सेंत्रालेन. ही मेट्रो म्हणजे स्वतंत्र सहलच. खडक खोदून स्टेशनं काढलीत आणि तो खडक तसाच ठेवून त्यावर चित्रं रंगवलीत. नव्वदहून जास्त स्टेशनांवर काही ना काही कलाकाम आहे. पाऊस आला (येतोच!) तर एका तिकिटावर तासभर हेच बघा.

पण मला जे बघायचं होतं ते लोंगहोल्मेनला होतं. हे शहराच्या मधलंच एक बेट. इथे १९७५ पर्यंत तुरुंग होता, आता त्याच इमारतीत हॉटेल आहे. हौस असेल तर कोठडीत झोपा. बेटाच्या काठाला छोटीशी वाळू आहे. संध्याकाळी सात वाजता, आपल्या चारच्या उन्हासारख्या उन्हात, ऑफिस सुटलेली माणसं लॅपटॉपची बॅग झाडाखाली ठेवत होती, कपडे बदलत होती आणि चक्क पाण्यात उडी मारत होती. राजधानीच्या मध्यभागी! कुणी तिकीट मागत नव्हतं, कुणी शिट्टी वाजवत नव्हतं.

मी आधी वाकून वास घेतला. खराडीची सवय! वास कसलाच नव्हता. मग गुडघ्यापर्यंत गेले, मग किंचाळत गळ्यापर्यंत. पाणी गार होतं, खोटं नाही सांगत. हे पाणी मेलारेनचं. शहराच्या नळाला येतं ते पिण्याचं पाणीही याच सरोवराचं, शुद्ध करून. ज्यात पोहायचं त्याचंच प्यायचं... हा धीटपणा मला कुठल्याही राजवाड्यापेक्षा मोठा वाटला. राजवाड्यासमोर तर अजून मजा. तिथे सरोवराचं पाणी वेगाने समुद्राकडे धावतं आणि काठावर गळ टाकून लोक उभे. हाती काय लागतं? नशीब असेल तर सॅमन!

काठावरूनच आईला व्हिडिओ कॉल लावला. मला वाटलं होतं, ‘सर्दी होईल’ म्हणेल. तिने सगळं पाणी कॅमेऱ्यातून फिरवून बघितलं आणि विचारलं, ‘मग यांचं सांडपाणी जातं कुठे?’

खरं सांगू? मला आयफोनवर गुगल करावं लागलं. उत्तर आहे : डोंगराच्या पोटात. शहराच्या आग्नेयेला हेन्रिक्सडाल म्हणून टेकडी आहे. वर घरं, आत खडकात कोरलेलं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र. १९४१ पासून चालू आहे. तिथल्या गाळातून निघणारा गॅस शुद्ध करून शहरातल्या बसमध्ये भरतात. आणि हे शहर जन्मापासून असं नव्हतं बरं का. १८३४ मध्ये इथे कॉलऱ्याने हजारो माणसं मेली. विसाव्या शतकातही कितीतरी वर्षं मधल्या भागातलं पाणी अंगाला लावण्यासारखं नव्हतं. शुद्धीकरण केंद्रं वाढत गेली, १९७०च्या दशकात सांडपाण्यातला फॉस्फरस काढून टाकायला सुरुवात झाली आणि हळूहळू माणसं पुन्हा पाण्यात उतरली. युरोपने ‘ग्रीन कॅपिटल’ हा किताब काढला तेव्हा २०१० सालासाठीचा पहिला मान स्टॉकहोमलाच मिळाला.

गंमत म्हणजे त्या जुन्या घाणीनेही एक काम करून ठेवलंय. ते बघायला वासा म्युझियममध्ये जायलाच हवं. इतर सगळं राहिलं तरी चालेल, हे नको. वासा ही राजा गुस्ताव अडॉल्फची युद्धनौका. १० ऑगस्ट १६२८ ला पहिल्याच सफरीवर निघाली आणि अंदाजे तेराशे मीटर जाऊन, सगळ्या गावासमोर बुडाली! कारण ऐकलंत तर खराडीतला प्रत्येक प्रोजेक्ट मॅनेजर ढसाढसा रडेल. क्लायंट (म्हणजे राजा) परदेशात लढाईवर. तिथून घाई. तोफांचे दोन मजले, वरचं वजन जास्त, बूड अरुंद. निघण्याआधी टेस्टिंगही झालं बरं! तीस माणसांना डेकवर इकडून तिकडे पळवलं. तिसऱ्या फेरीला जहाज इतकं डुललं की अॅडमिरलने टेस्टच थांबवली. आणि डिलिव्हरी? ठरलेलीच. चौकशी झाली, शिक्षा कुणालाच नाही.

३३३ वर्षं ती तळाशी पडून होती. १९६१ मध्ये वर काढली तेव्हा जवळजवळ अख्खी होती. बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात लाकूड पोखरणारा जहाजकिडा जगत नाही, हे एक कारण. आणि बंदराचं पाणी शेकडो वर्षं इतकं घाण आणि प्राणवायू नसलेलं होतं की लाकूड कुजवणारे जीवाणूही तिथे फारसे टिकले नाहीत. त्या काळोख्या हॉलमध्ये, समोर उभ्या असलेल्या त्या अजस्र लाकडी भिंतीकडे बघताना मला मुंढव्याचा पूल आठवला. आपल्या तळाशी काय काय टिकून असेल, देव जाणे.

तिसऱ्या दिवशी स्टॅडहूसेटला, म्हणजे सिटी हॉलला गेलो. नोबेलची मेजवानी इथल्या ब्लू हॉलमध्ये होते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. गाइडने आणखी एक सांगितलं, की ‘स्टॉकहोम वॉटर प्राइझ’ही इथेच दिलं जातं, राजाच्या हस्ते. १९९१ पासूनचा हा पुरस्कार, आणि १९९३चे मानकरी होते आपले माधवराव चितळे! जलतज्ज्ञ, शिक्षण पुण्याच्या सीओईपीत. म्हणजे जिचा बोट क्लब मुळा-मुठेच्या काठाला आहे ती सीओईपी. २००५ मध्ये हाच पुरस्कार दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटला मिळाला, २०१५ मध्ये राजेंद्रसिंहांना. पाण्याचं काय करायचं हे सांगणारी माणसं आपल्याकडे होती आणि आहेत. बाहेर पायऱ्यांवर बसून पाय पाण्याकडे सोडले, दालचिनीचा बन खाल्ला आणि गाइडला ‘मी पण पुण्याची’ म्हणून भाव खाऊन घेतला.

जायचं असेल तर जून ते ऑगस्टमध्येच जा. जूनच्या शेवटी रात्री दहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. डिसेंबरमध्ये मात्र दुपारी तीनच्या आतच! शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तो लवकर करा. रोख पैसे नेऊ नका, कुणी घेत नाही, कार्डच लागतं. आणि चलन क्रोना आहे, युरो नव्हे. महाग आहे का? आहे. एका कॉफी-बनच्या पैशांत खराडीत चौघांची मिसळ होईल. पण नळाचं पाणी फुकट, पोहणं फुकट, बेटांवर भटकणं फुकट. एक पूर्ण दिवस बाहेरच्या द्वीपसमूहासाठी ठेवा. तिथे तीसेक हजार बेटं-खडक आहेत आणि बोटी शहरातूनच सुटतात. शाकाहारी असाल तर डब्यात मेतकूट न्या. भात कुठेही मिळतो.

दिवाळीत आई परत राहायला आली. मी तिला सगळे फोटो लॅपटॉपवर दाखवले. मुळा-मुठेच्या काठाच्या सुधार प्रकल्पाचं २०२२ मध्ये भूमिपूजन झालंय, हेही सांगितलं. ती ऐकत होती. मग उठून तिने गॅलरीचं दार उघडलं, पदर नाकाला लावला आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली.

‘हे पाणी जातं कुठे गं?’

‘मांजरीकडे. मग पुढे भीमेला मिळतं. तिथून उजनीत.’

‘म्हणजे पंढरपूरला,’ आई म्हणाली.