उसाच्या फडावरून उडणारे घरगुती विमान : उभ्या उड्डाणासाठी इलेक्ट्रॉनिक्सची जोडणी

ऊस कांड्यावर आला की फडाच्या आत काय चालले आहे ते बांधावरून कळत नाही. हुमणीने वाळलेला पट्टा, ठिबकची बुजलेली लॅटरल, लोहाच्या कमतरतेने पिवळे पडलेले ठिगळ, वाऱ्याने लोळलेला भाग हे सगळे वरून पाच मिनिटांत दिसते. आतून शोधायचे तर पाचटात अंग ओरखडून घ्यावे लागते. त्यामुळे कॅमेरा लावलेले विमान घरी बनवण्याचा नाद अनेक तरुण शेतकऱ्यांना लागला आहे. मलाही काही वर्षांपूर्वी तो लागला. हातातून फेकून उडवायचे साधे विमान मी आधी केले. ते उडाले छान, पण उतरवायला मोकळे रान हवे आणि आपल्याकडे चहूबाजूंना दहा-बारा फूट ऊस. उभे उडणारे आणि उभे उतरणारे विमान खळ्यावर किंवा गोठ्यापुढच्या अंगणात उतरते, म्हणून मग त्याकडे वळलो.

चार पंख्यांचा साधा ड्रोन का नको, असे काही जण विचारतात. त्याचे उत्तर बॅटरीच्या हिशेबात आहे. १.९ किलो वजनाचे यंत्र हवेत जागेवर तरंगत ठेवायला अंदाजे ३५० ते ४०० वॅट लागतात. तेच वजन पंखांवर तोलले की ८० ते १०० वॅटमध्ये काम भागते. चार सेलची, ५,२०० एमएएच क्षमतेची लिथियम पॉलिमर बॅटरी घेतली तर तिच्यात सुमारे ७७ वॅट-तास ऊर्जा असते. त्यातली ८० टक्केच वापरायची, म्हणजे ६१. नुसते तरंगत राहिले तर ती नऊ मिनिटांत संपते. चढायला-उतरायला मिळून दोन मिनिटे धरली आणि बाकी वेळ पंखांवर उडवले तर २५ मिनिटांच्या पुढे जाता येते. १०० मीटर उंचीवरून, सेकंदाला १५ मीटर वेगाने, फोटोंच्या पट्ट्या एकमेकींवर ७० टक्के चढवत गेले, तर वळणांचा वेळ वजा जाऊनही एका बॅटरीत ४० हेक्टरच्या आसपास क्षेत्र येते. ही उजळणी माझ्या वहीतली आहे. तुमच्या विमानाची बैठक थोडी वेगळी असेल.

वजन आधी ठरवा

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोपर्यंतचे यंत्र सूक्ष्म गटात येते. त्याची नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यावा लागतो, मात्र बिगरव्यावसायिक वापरासाठी पायलट प्रमाणपत्र लागत नाही. शेजाऱ्याच्या फडावर पैसे घेऊन उडवले की ते बिगरव्यावसायिक राहत नाही, हे ध्यानात ठेवा. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांची मर्यादा आहे. आपले गाव कोणत्या क्षेत्रात येते ते सरकारी नकाशावर पाहूनच उडवा. म्हणून २ किलो ही लक्ष्मणरेषा धरून मोटरी, बॅटरी आणि कॅमेरा निवडावा. थर्माकोलसारख्या ईपीओ फोमचा सांगाडा, पंखांखाली दोन कार्बनच्या नळ्या, त्यांच्या टोकांना चार उचल मोटरी आणि नाकावर किंवा शेपटाकडे एक पुढे ढकलणारी मोटर, अशी रचना नवख्याला सर्वांत सोपी. मोटरी फिरवून दिशा बदलणाऱ्या रचनेच्या वाटेला पहिल्या विमानात जाऊ नये.

उचल मोटर अशी घ्या की पूर्ण ताकदीवर ती एकटी किमान एक किलो ओढेल. चार मोटरींची एकूण ओढ वजनाच्या दुप्पट असावी, कारण वाऱ्याची झुळूक पंखाखाली शिरली की तोल सावरायला तेवढी शिल्लक लागतेच. ईएससी, म्हणजे मोटरची गती ठरवणारा भाग, ३० अँपिअरचा पुरतो. पुढच्या मोटरला ४० चा दिला तर ती गरम होत नाही.

वीज कुठून कुठे जाते

माझे पहिले विमान इथेच चुकले. बोर्ड, रिसीव्हर आणि चारही सर्व्हो मी एकाच छोट्या बीईसीवर जोडले होते. बीईसी म्हणजे बॅटरीच्या १४.८ व्होल्टचे ५ व्होल्ट करून देणारा भाग. अंगणात सगळे सुरळीत चालले. हवेत गेल्यावर एलिव्हेटरची तार भोकात घासून अडली, अडलेल्या सर्व्होने भरमसाट करंट ओढला, व्होल्टेज पडले आणि उडत्या विमानाचा बोर्ड पुन्हा सुरू होऊ लागला. तेवढ्या दोन सेकंदांत विमान आमच्या शेजारच्या फडात गेले. ते तिसऱ्या दिवशी सापडले, तेही पाणी द्यायला गेलेल्या गड्याच्या पायाखाली आल्यामुळे. तेव्हापासून स्वतःची छोटी बॅटरी असलेला भोंगा मी प्रत्येक विमानात बसवतो. मुख्य वीज गेली तरी तो ओरडत राहतो.

आता जोडणी अशी करतो. बॅटरीतून येणारी जाड तार आधी पॉवर मॉड्यूलमध्ये जाते. हा भाग व्होल्टेज आणि करंट मोजतो आणि फ्लाइट कंट्रोलरला स्वच्छ ५ व्होल्ट देतो. त्यातून रिसीव्हर आणि जीपीएस चालतात. सर्व्होंसाठी ५ अँपिअरचा वेगळा बीईसी थेट बॅटरीवरून घ्यावा. पिक्सहॉक प्रकारच्या बोर्डावर पॉवर मॉड्यूलची वीज सर्व्होच्या पिनांच्या रांगेत येतच नाही. त्यामुळे सर्व्हो हलत नाहीत म्हणून बोर्ड खराब आहे असे समजून परत पाठवणारेही पाहिले आहेत. तिथे हा वेगळा बीईसी जोडायचा असतो. ईएससींच्या तारांमधून येणारी लाल तार मात्र काढून टाकावी. पाच ईएससी, पाच बीईसी आणि सगळे एकाच रांगेत भांडत आहेत, असे होऊ देऊ नका.

ईएससी कुठे बसवावेत? दिसायला नळीच्या टोकाला, मोटरीखाली बरे दिसतात. पण मग बॅटरीपासून ईएससीपर्यंतची तार लांब होते आणि व्होल्टेजचे झटके वाढून ईएससी जळतात. ईएससी बॅटरीजवळ ठेवून मोटरीकडच्या तीन तारा लांबवणे अधिक सुरक्षित. अधिक आणि उणे या तारा एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात, त्याने आजूबाजूचे चुंबकीय क्षेत्र कमी होते. जीपीएससोबत होकायंत्र असते. ते या तारांपासून, बीईसीपासून आणि पॉवर मॉड्यूलपासून शक्य तेवढे लांब, पाठीवर उंच बसवा. आणि होकायंत्राचे कॅलिब्रेशन ट्रॅक्टरच्या शेजारी, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा विहिरीवरच्या मोटारीजवळ करू नका. मोकळ्या वावरात जा, खिशातला मोबाइलसुद्धा बाजूला ठेवा.

जमिनीवरून विमानाशी बोलणारा टेलिमेट्री संच परदेशी दुकानांतून घेताना ९१५ मेगाहर्ट्झचा पुढे केला जातो. तो आपल्याकडे परवानामुक्त पट्ट्यात येत नाही. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा किंवा २.४ गिगाहर्ट्झचा बघावा.

बोर्डाला काय सांगायचे

अर्डुपायलट हे मोफत सॉफ्टवेअर विमानाच्या आवृत्तीत बोर्डावर चढवावे आणि लॅपटॉपवर मिशन प्लॅनर घ्यावे. उभ्या उड्डाणाची सोय आधीपासून बंद असते. ‘क्यू एनेबल’ हा आकडा १ करून बोर्ड बंद-चालू केला आणि यादी पुन्हा वाचली की मगच ‘क्यू’ने सुरू होणारे बाकीचे पर्याय दिसतात. यादीत ते नाहीत म्हणून बरेच जण तिथेच अडतात. पुढे फ्रेम क्लास १, म्हणजे चार मोटरी, आणि फ्रेम टाइप १, म्हणजे एक्स रचना.

कोणती तार कोणत्या पिनेवर, हे मनाने ठरवू नका. आउटपुट १ वर एलेरॉन, २ वर एलिव्हेटर, ३ वर पुढची मोटर, ४ वर रडर आणि ५ ते ८ वर चार उचल मोटरी, हीच मांडणी ठेवा. त्यामागे कारण आहे. बोर्डावरच्या पिना आतून गटांत बांधलेल्या असतात आणि एका गटातल्या सर्व पिनांना एकाच वेगाने संदेश जातात. उचल मोटरींना सेकंदाला ४०० वेळा संदेश हवा, साध्या सर्व्होला ५० वेळा. दोन्ही एका गटात आल्या तर सर्व्हो तापून जळतो किंवा मोटर सुस्त वागते. पिक्सहॉकवर ५ ते ८ हा स्वतंत्र गट आहे.

उचल मोटरींचे क्रमांक नीट पाहा. १ पुढे उजवीकडे, २ मागे डावीकडे, ३ पुढे डावीकडे, ४ मागे उजवीकडे. वरून पाहताना १ आणि २ घड्याळाच्या उलट फिरतात, ३ आणि ४ घड्याळाप्रमाणे. मिशन प्लॅनरमधल्या मोटर चाचणीत मात्र ए, बी, सी, डी अशी अक्षरे आहेत आणि ती पुढच्या उजव्या मोटरीपासून घड्याळाप्रमाणे जातात. म्हणजे बी दाबल्यावर ४ क्रमांकाची मोटर फिरते, २ नव्हे. हे न कळल्याने बरोबर जोडलेल्या तारा उलट करून बसलेले विमान पहिल्याच उड्डाणात उलटते. मोटर उलटी फिरत असेल तर तिच्या तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करा.

या सगळ्या चाचण्या पंखे काढून करायच्या. मी हे वाक्य आधीही वाचले होते. तरीही एका संध्याकाळी, घाईत, ‘एकच मोटर तर बघायची आहे’ म्हणून पंखा ठेवला. उजव्या तर्जनीला चार टाके पडले आणि भाऊ मला मोटारसायकलवर तालुक्याला घेऊन गेला. दहा इंची पंखा विळ्यासारखा कापतो, आणि विळा निदान आपल्या हातात असतो. घरात लहान मुले असतील तर पंखे वेगळ्या डब्यात, कुलपात ठेवा.

पंखे नसताना आणखी एक तपासणी करावी. मोड एफबीडब्ल्यूएवर ठेवून विमान हातात घ्या आणि उजवा पंख खाली झुकवा. उजवे एलेरॉन खाली आणि डावे वर गेले पाहिजे. नाक खाली झुकवले तर एलिव्हेटर वर उचलला पाहिजे. उलटे होत असेल तर त्या सर्व्होची दिशा सॉफ्टवेअरमधून बदला. रिमोटवर हालचाल बरोबर दिसते म्हणून ही तपासणी सोडू नका, कारण रिमोटची दिशा आणि बोर्डाची दिशा वेगवेगळी बिघडू शकते.

मग रिमोट बंद करून पाहा. संपर्क तुटल्यावर विमानाने काय करावे ते आधी ठरलेले हवे. साध्या विमानाच्या ठरलेल्या वागणुकीत ते घराकडे येऊन डोक्यावर घिरट्या घालत राहते. आपल्याला ते खाली उतरायला हवे, म्हणून ‘क्यू आरटीएल मोड’ चालू करावा. परतीची उंची शेजारच्या नारळांच्या आणि ११ केव्ही लाइनच्या वर ठेवा. बॅटरीचा इशारा सेलला ३.५ व्होल्टवर लावा. उतरणे हेच सर्वांत जास्त वीज खाणारे काम आहे, त्यामुळे रिकाम्या बॅटरीने घरी पोहोचून उपयोग नाही.

तरंगण्याकडून उडण्याकडे

पहिले दोन दिवस फक्त ‘क्यू स्टॅबिलाइज’ आणि ‘क्यू होव्हर’मध्ये, कमरेच्या उंचीवर. उतरवल्यावर चारही मोटरींना हात लावा. पुढच्या दोन गरम आणि मागच्या गार असतील तर गुरुत्वमध्य पुढे आहे, बॅटरी मागे सरकवा. चार मोटरींचा मध्य आणि विमानाचा गुरुत्वमध्य एकाच जागी हवा.

खरी कसोटी बदलाच्या क्षणी असते. पुढची मोटर वेग देते, पंखांना भार पेलण्याइतका वेग येईपर्यंत उचल मोटरी चालू राहतात आणि त्यानंतर साधारण पाच सेकंदांत हळूहळू बंद होतात. हा वेग बोर्डाला कळतो पिटो नळीतून. पहिला बदल ५० मीटर उंचीवर, वाऱ्याकडे तोंड करून, खाली माणूस-जनावर नसताना करा. अंगठा ‘क्यू होव्हर’च्या बटणावर ठेवा. नाक डुलायला लागले की लगेच मागे या. ‘क्यू असिस्ट स्पीड’ पडण्याच्या वेगापेक्षा थोडा वर ठेवला तर वेग घटताच उचल मोटरी आपोआप मदतीला येतात. सुरुवातीला तो चालू असणे बरे.

फोटोंबद्दल एवढेच सांगतो, की साधा रंगीत कॅमेरा पुरे. भिंग बदलून केलेल्या स्वस्त कॅमेऱ्यांचे हिरवे-तांबडे नकाशे दिसायला आकर्षक असतात, पण प्रमाणित पांढऱ्या फलकाशी ताडून न घेतलेल्या त्या आकड्यांवर मी खताचा हप्ता ठरवणार नाही. फोटोत पिवळे ठिगळ दिसले की तिथपर्यंत चालत जा, फावड्याने मुळाशी उकरा. हुमणी असेल तर अळी हातात येते. पाण्याचा किंवा लोहाचा प्रश्न असेल तर तेही तिथेच कळते.

पिटो नळी रात्री उघडी ठेवू नका. आपल्याकडे कुंभारमाशी दोन दिवसांत तिच्यात चिखलाचे घर करते आणि बुजलेली नळी बोर्डाला चुकीचा वेग सांगते. टोकावर रबरी टोपी चढवा आणि टोपीला लाल फीत बांधा, म्हणजे उडवण्यापूर्वी काढायची राहणार नाही. बॅटरी उन्हात तापलेल्या जीपमध्ये ठेवू नये. आठवडाभर उडवायचे नसेल तर सेलला ३.८ व्होल्टवर आणून मातीच्या कुंडीत ठेवावी, आणि फुगलेली बॅटरी कितीही महाग असली तरी पुन्हा चार्जरला लावू नये.