जपानी घरातले वर्ष : पाहुणेपण संपते कुठे?

अनगोळमधील एखाद्या मध्यमवर्गीय घरातील सोळा वर्षांची मुलगी वर्षभरासाठी जपानला शिकावयास जाणार असे ठरले, की घरात पहिला प्रश्न निघतो तो खर्चाचा आणि दुसरा जेवणाचा. तिसरा प्रश्न बहुधा आजी विचारते : परक्या घरात पोर राहणार कशी? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकांत सापडतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र तेथील घराच्या रीतीभाती समजून घेतल्यावाचून मिळत नाही.

शालेय विद्यार्थ्यांसाठी असे मुक्काम घडवून आणणाऱ्या योजना अनेक आहेत. रोटरीची युवा आदानप्रदान योजना साधारणपणे १५ ते १९ वर्षे वयोगटासाठी असते. गोवा आणि बेळगाव हे दोन्ही प्रदेश रोटरीच्या ३१७० या एकाच जिल्ह्यात मोडतात. एएफएस या संस्थेने दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये शालेय विद्यार्थ्यांची देवाणघेवाण सुरू केली. जपान सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने याच संस्थेच्या साहाय्याने २०१८ पासून ‘एशिया काकेहाशी’ हा उपक्रम राबविला. ‘काकेहाशी’ म्हणजे दोन तीर जोडणारा पूल. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘जेनेसिस’ कार्यक्रमात मात्र भेट थोड्या दिवसांची असते आणि कुटुंबातील वास्तव्य एखाद-दोन रात्रींपुरते.

रोटरीच्या दीर्घ मुदतीच्या योजनेत राहण्या-जेवण्याचा भार यजमान कुटुंबे उचलतात. विमानभाडे, विमा, व्हिसा आणि हातखर्च सहसा पालकांकडे असतो. वर्षभरात विद्यार्थी एकाहून अधिक कुटुंबांत राहतो. जपानचे शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपते. त्यामुळे आपल्याकडील पीयूसीचे किंवा अकरावी-बारावीचे वेळापत्रक विस्कटते. वर्ष मागे पडेल काय, हे कॉलेजकडून आधीच लेखी स्वरूपात विचारून घेणे शहाणपणाचे.

वार लावून जेवण्याची परंपरा

परक्या घरी राहून-जेवून शिकणे ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. गरीब विद्यार्थी आठवड्याचे सात वार सात घरी लावून जेवत आणि शिकत. त्या व्यवस्थेने कित्येकांचे शिक्षण पार पडले. पण ताटावर बसलेल्या मुलाच्या मनात उपकाराचे ओझे राही. जपानी यजमान घरात अपेक्षा निराळी असते. तेथे विद्यार्थी आश्रित नसतो आणि फार काळ पाहुणाही नसतो. त्याने घरातील लेकरासारखे वागावे, म्हणजेच ताट उचलावे, कपडे वाळत घालावे आणि उशीर होणार असेल तर कळवावे, असे गृहीत धरलेले असते.

आपल्या मुलांची अडचण नेमकी येथे होते. पाहुण्याने कामाला हात लावू नये, ही आपली शिकवण. बेळगावात काय किंवा म्हापशात काय, पाहुणी भांडी घासू लागली तर यजमानीण संकोचते. जपानी घरात तीच मुलगी आदराने स्वस्थ बसून राहिली, तर ती घरात मिसळू इच्छित नाही असा अर्थ निघू शकतो.

उंबरठा, न्हाणीघर आणि ताट

दारापाशी ‘गेनकान’ हा खालचा भाग असतो. तेथे जोडे काढून त्यांची टोके दाराकडे करून ठेवायची. शौचालयाच्या चपला वेगळ्या, आणि ‘तातामी’ म्हणजे गवती चटयांच्या खोलीत कोणत्याही चपला चालत नाहीत. सोवळ्याओवळ्याच्या सीमा आजीकडून ऐकलेल्या मुलीला हे अवघड जाऊ नये.

स्नानाची रीत मात्र समजावून घ्यावी लागते. अंग साबणाने बाहेर धुऊन, स्वच्छ होऊनच गरम पाण्याच्या टबात बसायचे. तेच पाणी घरातील सर्व माणसे पाळीपाळीने वापरतात. आपले आटोपल्यावर सवयीने बूच काढून पाणी सोडून दिले, तर पाठीमागून येणाऱ्यांसाठी टब पुन्हा भरावा लागतो.

जेवणात शाकाहारी मुलांनी विशेष सावध असावे. ‘मिसो’ सारात मासा दिसत नाही. परंतु त्याचे पाणी, म्हणजे ‘दाशी’, पुष्कळदा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून केलेले असते. ‘मी मांस खात नाही’ एवढे सांगून भागत नाही. माशाचे पाणीही चालत नाही, हे निघण्यापूर्वीच लिहून कळवावे. भाताच्या वाटीत काड्या उभ्या खोचू नयेत, कारण मृतासाठी ठेवलेल्या भातात त्या तशा खोचतात. पिंडाचा भात माहीत असलेल्यांना याचे कारण निराळे सांगावे लागत नाही.

भाषेचा आधार

जपानी लिपी कठीण खरी. वाक्यरचना मात्र ओळखीची वाटते. ‘मी भात खाते’ हे ‘वाताशी वा गोहान ओ ताबेमासु’ असे त्याच क्रमाने येते, क्रियापद शेवटी. ‘टोकियोला’ हे ‘टोकियो नि’, ‘शाळेत’ हे ‘गाक्को दे’. आपल्या प्रत्ययांप्रमाणेच तेथील शब्दयोजकेही नामाच्या मागून लागतात. कन्नडचीही धाटणी तशीच असल्याने दोन्ही भाषा कानावर पडत वाढलेल्या सीमाभागातील मुलांना हा क्रम नवा नसतो.

अवघड असतो तो न उच्चारलेला नकार. जपानी माणूस ‘चोत्तो…’ म्हणून थांबला, तर शब्दशः अर्थ ‘जरासे’ एवढाच. पण आशय बहुधा ‘जमणार नाही’ असा असतो. ‘बघू या’ म्हणून विषय संपविणारी माणसे आपल्याकडेही आहेतच.

सूर जुळला नाही तर

प्रत्येक घरी सूर जुळतोच असे नाही. रोटरीच्या योजनेत प्रत्येक विद्यार्थ्याला एक समुपदेशक दिलेला असतो आणि तो यजमान कुटुंबातील नसतो. अडचण असह्य झाली तर घर बदलता येते. घर बदलून मागणे हा कृतघ्नपणा नव्हे, हे पालकांनी मुलांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे. ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीने मुले गप्प राहतात आणि धोका त्या गप्प राहण्यातच असतो. उलट, घरची आठवण येते म्हणून रोज रात्री तासभर फोन चालू राहिला, तर मुलगी अंगाने जपानात आणि मनाने अनगोळातच राहते. आठवड्याचा एक वार ठरवून बोलणे दोन्ही घरांच्या हिताचे.

गोव्याला या देवाणघेवाणीचा जुना वारसा आहे. कागोशिमाचा अंजिरो १५४८ मध्ये गोव्याच्या सेंट पॉल महाविद्यालयात शिकत होता. पुढल्याच वर्षी फ्रान्सिस झेवियर त्याच्यासमवेत कागोशिमात उतरले, तेव्हा अंजिरोच्या नातलगांनी त्यांचे स्वागत केले. परक्या देशाची पहिली ओळख तेव्हाही एका कुटुंबाच्या ओळखीतूनच झाली.

घराबाहेर पडताना जपानी माणूस ‘इत्ते किमासु’ म्हणतो. त्याचा शब्दशः अर्थ ‘जाऊन येते’. आपल्याकडेही ‘जाते’ म्हणणे अशुभ मानतात आणि कन्नड शेजारीण ‘होगि बर्तीनि’ म्हणते, तेही तेच. घरातून उत्तर येते, ‘इत्तेराश्शाइ’, जाऊन ये. हे उत्तर मुख्यतः घरच्या माणसाला मिळते. शाळेला निघालेल्या मुलीला ते रोज सकाळी न चुकता ऐकू येऊ लागले, की अनगोळच्या आजीने चिंता सोडावयास हरकत नाही.