घाटातला क्लच, ट्रॅकवरचा क्लच

मलकापूरहून बुलढाण्याला येताना राजूर घाटात लादलेल्या ट्रकमागे अडकलात, की डावा पाय हाफ क्लचवरच राहतो. प्लेट घसरते आणि त्या घसरण्याची उष्णता होते. रोजच्या गाडीतली ऑरगॅनिक प्लेट अलगद पकडते. फार तापली मात्र, की तिचे घर्षण घटते आणि जळका वास सुटतो. कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर पळवायची गाडी असेल, तर सिरॅमिक मिश्रणाची प्लेट भाव खाते. ती उष्णतेला दाद देत नाही, पण पकडते एकदम. घाटात तिचे हिसके नकोसे होतात.

क्लच किती टॉर्क पेलेल, हे घर्षणांक, प्रेशर प्लेटचा दाब, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या यांवर ठरते. दाब वाढवला, की पेडल सहसा जड होते. पण जड पेडल म्हणजे दमदार क्लच, ही समजूत अर्धीच खरी: दोन प्लेटा बसवल्या, तर त्याच दाबात क्षमता साधारण दुप्पट होते. खर्चही वाढतो म्हणा!

दोन्हीकडे चालवायची असेल, तर मी ऑरगॅनिक प्लेटच ठेवीन आणि इंजिनच्या टॉर्कपेक्षा पाव हिस्सा जास्त पेलणारी प्रेशर प्लेट घेईन. फार हलके फ्लायव्हील नको. चढावर गाडी उचलताना इंजिन बंद पडते.