तळ्याचा काठ आणि मालकाचा हक्क

तलाव व पाणथळ जागा यांच्या काठापासून किती अंतर सोडून बांधकाम करावे, हा प्रश्न आजकाल व्यापारी मंडळींच्या बैठकीत वारंवार निघतो. ज्यांची जमीन काठाला लागून आहे त्यांना वाटते की, दाम मोजून रजिस्ट्री केलेल्या जागेवर सरकारने रेघ ओढावी हा अन्याय होय. ज्यांच्या घरात पावसाळ्यात पाणी शिरते त्यांना वाटते की, ही रेघ फार पूर्वीच ओढावयास हवी होती. दोन्ही पक्षांत आमचे बांधव आहेत. म्हणून या विषयाचा शांतपणे विचार व्हावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. केंद्र सरकारने २०१७ साली केलेल्या पाणथळ जागांच्या नियमांप्रमाणे, अधिसूचित पाणथळ जागेच्या सरासरी उच्च पूररेषेपासून ५० मीटरच्या आत, नावांचा धक्का वगळता, पक्के बांधकाम करण्यास मनाई आहे. परंतु नदीचे पात्र, धानाची बांधी आणि पिण्याच्या पाण्यासाठी वा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव या व्याख्येत येत नाहीत. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सव्वादोन हेक्टरांहून, म्हणजे सुमारे साडेपाच एकरांहून, मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांचे रक्षण करण्यास सांगितले. आपल्या प्रांतात भोपाळच्या मोठ्या तलावाच्या काठी या ५० मीटरांवरून मालक व शासन यांच्यात किती काळ ओढाताण चालली आहे, हे वाचकांस विदित आहेच.

मालकांची बाजू निराधार आहे असे मात्र नव्हे. १९७८ च्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला गेला, तरी कायद्याच्या आधारावाचून कोणाचीही मालमत्ता हिरावता येत नाही, हे कलम ३००-अ आजही सांगते. बंगळूरचे उदाहरण घ्या. हरित न्यायाधिकरणाने २०१६ साली तेथील तळ्यांभोवती ७५ मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला. तो सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये रद्द केला. नगराच्या मंजूर आराखड्यात जे अंतर ठरले आहे ते न्यायाधिकरणाने आपल्या मर्जीने वाढवू नये, असा त्या निकालाचा आशय होता.

नागपूरच्या फुटाळा तलावाचा निकाल तर आम्हांस अधिकच जवळचा. तेथील कारंजे, प्रेक्षक-सज्जा आदी कामांवरून वाद झाला. हा तलाव सिंचनासाठी मनुष्याने बांधलेला असल्यामुळे तो नियमांच्या अर्थाने पाणथळ जागा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ठरविले. तथापि त्याच निकालाने हेही सांगितले की, मानवनिर्मित जलाशयसुद्धा लोकांची ठेव असून शासन तिचे केवळ विश्वस्त आहे. म्हणजे व्याख्येतून सुटलेला तलाव जबाबदारीतून सुटत नाही.

आम्हां वैनगंगेकाठच्या लोकांना ही कल्पना नवी नाही. बालाघाट, गोंदिया, भंडारा हा सारा धानाचा व तलावांचा मुलूख. मालगुजारीच्या काळी तलाव मालगुजाराच्या नावे असे. पण त्यातील पाणी, गुरांचा उतार, निस्तार यांवर गावाचे जे हक्क, ते वाजिब-उल-अर्जमध्ये नोंदलेले असत. मालकी एकाची आणि वापर अनेकांचा, ही आपल्या भागाची जुनी रीत होय. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले, तरी पाण्याने आपली वाट बदलली नाही.

ती वाट अडली म्हणजे काय होते, ते नागपूरने २३ सप्टेंबर २०२३ रोजी पाहिले. काही तासांत शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्तीत शिरली. किमान चौघांचे प्राण गेले आणि सीताबर्डीपर्यंतच्या दुकानदारांचा माल पाण्यात बुडाला. भिजलेल्या धान्याचे मोल काय राहते, हे आडत्यास सांगावयास नको. थप्पीचा खालचा थर ओला झाला की वरचाही फार दिवस टिकत नाही. काठावरची मोकळी जागा ही वाया गेलेली जमीन नसून गोदामाच्या रक्षणाचा विमाच आहे.

आपल्या धर्मानेही या प्रश्नावर मौन धरलेले नाही. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत सरोवर, डोह व तलाव यांचे शोषण करणे हे स्पष्टपणे गणले आहे. परिग्रह-परिमाण व्रतात तर क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे जमीन व घर, यांचीच मर्यादा प्रथम घालावयाची असते. जो स्वेच्छेने मर्यादा घालतो त्याला सरकारी रेघेचे भय कशाला?

म्हणून आमच्या मते संघाने नियमांना सरसकट विरोध न करता चार गोष्टींचा आग्रह धरावा. पूररेषा कागदावर न ठेवता जमिनीवर दगड रोवून दाखवावी. ती खसऱ्यात व नकाशात नोंदावी, म्हणजे विकत घेणारा फसणार नाही. रीतसर परवानगीने बांधलेले जुने घर आणि रातोरात भराव टाकून केलेले अतिक्रमण यांना एकाच काठीने हाकू नये. आणि जेथे खाजगी जमिनीचा उपयोगच थांबतो तेथे योग्य मोबदला, निदान करात सूट, मिळावी.

याबरोबर आपलेही कर्तव्य आहे. काठालगतची जमीन घेण्यापूर्वी प्रत्येक बांधवाने मिसल बंदोबस्त व वाजिब-उल-अर्ज पाहून घ्यावे. स्वस्त मिळते म्हणून तळ्याचे पोट विकत घेऊ नये. देवी तलाव, मोती तलाव ही आपल्या नगराची भूषणे होत. पूर्वजांनी ती भरलेली दिली. पुढील पिढीच्या हाती ती तशीच सोपविणे, हा व्यवहार चोख ठेवणे व्यापाऱ्याच्या नावाला शोभेल.