अंगठ्याच्या मुळाचा संधिवात आणि शस्त्रक्रिया

कुलपात किल्ली फिरविताना अंगठ्याच्या मुळाशी कळ उठते, ती बहुधा तेथील कूर्चा झिजल्यामुळे. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत हा विकार विशेष. पट्टा, औषधे व सुई यांनी भागले नाही, तरच शस्त्रक्रियेचा विचार व्हावा. इंग्लंडमधील शल्यविशारद गर्व्हिस यांनी १९४९ साली मनगटातील ट्रॅपेझियम हे हाडच काढून टाकण्याची रीत मांडली. हाड गेल्यावर अंगठा लुळा पडेल, ही भीती साहजिक. परंतु त्या पोकळीत तंतुमय ऊतक भरते आणि चिमूट पुन्हा धरता येते. पुढे, १९८६ साली, अमेरिकेत बर्टन व पेलेग्रिनी यांनी तेथे कंडरेची गुंडाळी बसविली. ही युक्ती मोठी आकर्षक खरी. तथापि तुलनेत ती साध्या छेदनाहून सरस ठरलेली नाही. कष्टकरी तरुणाचा सांधा कधी जखडून टाकतात; तेव्हा जोर टिकतो, लवचिकता जाते. कोणत्याही मार्गाने गेले, तरी हाताला पूर्ववत बळ येण्यास काही महिने लागतात.